भाकरीचं उदाहरण मी काढणार नाही

मागच्या आठवड्यातल्या ‘न फिरवलेली भाकरी’ या लेखात मी लिहिलं होतं की मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी एवढा प्रचंड झाला, कारण तिथलं कवच पृथ्वीच्या भूपट्टांसारखं (कवचाच्या सरकत्या तुकड्यांसारखं) सरकत नाही. त्या लेखाखाली एका निनावी वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

“ऑलिंपस मॉन्सची उंची २५ नाही, २२ किलोमीटर आहे. तो एवढा उंच आहे कारण मंगळाचं गुरुत्वाकर्षण कमी आहे, हे शाळकरी पोरालाही कळतं. भूपट्ट तर शुक्रावरही सरकत नाहीत, मग तिथे असा डोंगर का नाही? भाकऱ्या थापून ग्रहविज्ञान होत नाही. आधी वाचा, मग लिहा.”

महोदय, (महोदया असाल तर क्षमस्व, आपण नाव लिहिलेलं नाही.)

उंचीचं आपलं बरोबर आहे. जुन्या पुस्तकांत २५ हा आकडा असायचा आणि तोच माझ्या डोक्यात बसला होता. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने लेसरने मंगळाची उंची-खोली मोजली तेव्हा हा पर्वत २२ च्या आसपास भरला. लेखात काल रात्रीच दुरुस्ती केली. चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

आता ते ‘शाळकरी पोरालाही कळतं’. आपण लेख शेवटपर्यंत वाचलात का, असं मला विचारावंसं वाटतं. कारण मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे आणि त्यामुळे तिथे ढीग जास्त उंच टिकू शकतो, हे पाचव्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते नाकारलेलं नाही. मी एवढंच म्हटलं की ढीग टिकतो कसा हा एक प्रश्न, आणि ढिगाला माल येतो कुठून हा दुसरा. गुरुत्वाकर्षण पहिल्याचं उत्तर देतं. दुसऱ्याचं देत नाही.

ऑलिंपस मॉन्स रुंदीला सुमारे ६०० किलोमीटर आहे. मुंबईपासून सरळ रेषेत मोजत निघालात तर यवतमाळ मागे टाकावं लागेल. हवाईच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या सुमारे शंभर पट माल त्यात आहे. वजन अडीच पटीने हलकं झालं म्हणून माल शंभर पट होतो का? मंगळावरच, त्याच गुरुत्वाकर्षणात, आल्बा मॉन्स नावाचा ज्वालामुखी आहे. विस्तार हजार किलोमीटरच्या वर, आणि उंची सात किलोमीटरच्या आसपास. तिथला लाव्हा पातळ, तो लांबवर पसरत गेला. गुरुत्वाकर्षण हेच ‘खरं कारण’ असेल तर ते तिथे कुठे गेलं?

खरी गोष्ट भाकरीचीच आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली? न फिरवल्यामुळे. हे कोडं आजीनं घातलं नाही असं मराठी घर मला तरी माहीत नाही. हवाईखाली खोलवर एक उष्ण जागा आहे आणि तिच्यावरून पॅसिफिक भूपट्ट वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर सरकतो. जाळ जागेवर, वरची भाकरी सरकते. म्हणून एक ज्वालामुखी पुरता वाढतो न वाढतो तोच पुढे निघून जातो, विझतो, आणि मागे दुसरा उभा राहतो. अशी सुमारे ६००० किलोमीटर लांबीची माळ हवाईपासून वायव्येला आणि मग उत्तरेला, पार कामचात्काच्या दिशेने, समुद्राखाली गेलेली आहे. मंगळाचं कवच जाड आणि अखंड, ते सरकलंच नाही. सगळा लाव्हा एकाच तोंडाशी, थरावर थर, कोट्यवधी वर्षं साचत राहिला. ऑलिंपस मॉन्सच्या माथ्यावर एकात एक शिरलेली सहा विवरं आहेत. एकाच जागी पुन्हापुन्हा भरणं आणि खचणं झाल्याशिवाय ती तशी होत नाहीत.

आणि ही गोष्ट आपल्या पायाखालचीच आहे, हे लेखात होतं, तेही आपल्या नजरेतून सुटलं. दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या उष्ण जागेवर ओतला गेला, ती आज हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. आपण उत्तरेला सरकत आलो. मधल्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस अशा खुणा राहिल्या, आणि रेयुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही दर काही महिन्या-वर्षांनी पेटतो. भारत जागचा हलला नसता तर सह्याद्रीचं काय झालं असतं, एवढा एक प्रश्न वाचकाच्या मनात यावा म्हणून मी तो लेख लिहिला होता.

‘आधी वाचा’ हे मला फार लागलं. माझ्या वडिलांचं बोअरचं मशिन होतं. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो आणि वहीत फूट लिहायचो. कॉम्प्रेसर सुरू झाला की भोकातून राखाडी चुरा उडायचा, नाकातोंडात बसायचा. साठ-सत्तर फूट काळा पाषाण, मग मऊ मांजऱ्या (बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला खडक), आणि मग एकदम चुरा तांबडा. वडील तो ओला चुरा तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळायचे आणि म्हणायचे, “गेरू लागला. इथे दम घेतला होता.” म्हणजे लाव्हाचा एक प्रवाह थांबला, त्याच्या माथ्याची ऊन-पावसात माती झाली, आणि मग वरून पुढचा प्रवाह आला. सातवी शिकलेला माणूस हे सांगत होता. थरावर थर म्हणजे काय ते मी पुस्तकात पुष्कळ नंतर वाचलं.

पुढे भूशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मी ‘मांजऱ्या’ हा शब्द वापरला. बाहेरून आलेले परीक्षक हसले आणि म्हणाले, हा विहिरी खणणाऱ्यांचा शब्द आहे, इथे चालणार नाही. मी मान खाली घालून इंग्रजी शब्द सांगितला. त्या दिवसाची लाज मी अजून विसरलेलो नाही, आणि भाकऱ्या थापण्याबद्दलचं तुमचं वाक्य वाचताना मला त्यांचाच आवाज ऐकू आला. भाकरी थापणारीला जाळ, ताव आणि वेळ यांचं जे ज्ञान असतं ते हलकं आहे, असं तुम्हाला वाटत असेल तर तुमचं माझं जमायचं नाही. स्पष्टच सांगतो.

शुक्राचा मुद्दा त्या लेखाचा विषयच नव्हता. तिथे माट मॉन्स हा ज्वालामुखी सुमारे आठ किलोमीटर उंच आहे, आणि मॅगेलन यानाच्या १९९१ च्या रडार चित्रांत त्याच्या एका मुखाचा आकार आठ महिन्यांत बदललेला दिसतो. हे २०२३ मध्ये जाहीर झालं, मी वाचलेलं आहे. गुरुत्वाकर्षण, कवच, तापमान, सगळंच तिथे निराळं. एका ओळीत टाकलेल्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर नाही. त्यावर स्वतंत्र लेख लिहीन, तेव्हा बोलू.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. २५ चे २२ केले आहेत. भाकरी तशीच ठेवली आहे. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खाली नाव तेवढं लिहा, म्हणजे कुणाशी बोलतो आहे ते तरी मला कळेल.