हिप्पींच्या आधीपासूनच

‘कंट्री गाण्यांत नशा आली ती हिप्पींमुळे’ हे अमेरिकी कंट्री संगीतावरच्या लेखातलं विधान पटत नाही. ‘कोकेन ब्लूज’ हे नशेत केलेल्या खुनाचं गाणं रेड आर्नलने १९४७ च्या सुमारास रचलं आणि १९४८ मध्ये गायक रॉय हॉगसेडने ते गाजवलं. त्याचा सांगाडा ‘लिटल सेडी’ या जुन्या लोकगीताचा. तिथे फरारी खुनी जेरिको गावात सापडतो, इथे मेक्सिकोतल्या हुआरेझला. कोकेन मात्र नव्याने घुसलेलं.

कंट्री गायक जॉनी कॅशची याच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं पाठोपाठ ऐकाच. १९६० मध्ये गाण्याचं नावच ‘ट्रान्सफ्यूजन ब्लूज’ झालं आणि कोकेनच्या जागी आलं रक्त चढवणं! त्यामुळे खुनाचं कारणच हरवतं, कडवं लंगडं पडतं. १३ जानेवारी १९६८ ला कॅलिफोर्नियातल्या फोल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गाताना त्याने कोकेन परत आणलं, मूळ गाण्यातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगाऐवजी फोल्समचं नाव घातलं. कैद्यांचा जल्लोष ऐकून अंगावर काटा येतो.

गायक डेव्ह डडलीचं ‘सिक्स डेज ऑन द रोड’ (१९६३) हे ट्रकचालकाचं गाणं तर लेखात हवंच होतं. त्यातल्या ‘छोट्या पांढऱ्या गोळ्या’ म्हणजे अँफेटामाइन हे उत्तेजक औषध, ट्रकवाल्यांची झोप उडवणाऱ्या. कंट्री गायक मर्ल हॅगार्डचं मारिवानाला (गांजाला) नाकारणारं ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’ आलं त्यानंतर सहा वर्षांनी.