अमेरिकेतली देवळं काल-परवाची नाहीत

गणपती जवळ आले की एक मजकूर फिरू लागतो. यंदा मला तो तीन ग्रुपवर आला: "अमेरिकेतली मंदिरं म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांतली आयटीवाल्यांच्या डॉलरची करामत. त्याआधी तिथं काहीच नव्हतं. आणि बौद्ध धर्म ही तर तिथल्या गोऱ्यांची ध्यानाची हौस." न्यू जर्सीत सोळा वर्षं राहिलेय मी. हे वाचून गप्प बसवत नाही.

पंचवीस वर्षांचं आधी बघू. सॅन फ्रान्सिस्कोतलं वेदान्त मंदिर जानेवारी 1906 मध्ये उघडलं, एप्रिलच्या भूकंपातून वाचलं आणि आजही उभं आहे. न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंगच्या गणपतीची प्रतिष्ठापना 4 जुलै 1977 ची. आयटीवाले ज्यावर येतात तो एच-वन-बी व्हिसा आला 1990 च्या कायद्यानं. मधली कित्येक वर्षं देवळं फारशी झाली नाहीत हे खरं, पण माणसंच येऊ दिली नाहीत तर देवळं बांधणार कोण? 1917 च्या कायद्यानं भारतीयांना दार बंद केलं. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं भारतीयांना नागरिकत्व नाकारलं. 1946 मध्ये वर्षाला शंभर जणांची मुभा मिळाली. दार खऱ्या अर्थानं उघडलं ते 1965 च्या कायद्यानंतर.

बौद्धांबद्दलचं वाक्य मात्र मला जास्त लागलं. जपानी स्थलांतरितांसाठी जोदो शिनशू या बौद्ध पंथाचे धर्मगुरू 1899 मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत आले होते. हे स्थलांतरित म्हणजे शेतात राबणारी, दुसऱ्याच्या घरी काम करणारी माणसं. 1941 मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर पहिल्यांदा उचलले गेले त्यांत हे धर्मगुरू होते. मग सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारांच्या आत छावण्यांत टाकलं. हाती लागेल ते न्यायचं, बाकी सोडायचं. तिथं त्यांनी भंगार लाकडाच्या फळ्या तासून बुद्धासाठी देव्हारे केले आणि त्यांच्यासमोर बसून प्रार्थना म्हटल्या. त्यांच्या संस्थेनं 'बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका' हे नाव घेतलं तेही 1944 मध्ये, छावणीत असतानाच. याला कुणी हौस म्हणत असेल तर त्यानं तो देव्हारा एकदा डोळ्यांपुढे आणावा.

आपली माणसंही या मजकुरात कुठे नाहीत. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. मेरीलँडमधल्या ॲकोकीकला त्यांचा पुतळा उभा राहिला तो 14 ऑक्टोबर 2023 ला, धम्मदीक्षेच्या दिवशी. घडवला आपल्या धुळ्याकडच्या राम सुतारांनी.

राहिला डॉलर. न्यू जर्सीतल्या रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम मंदिर भव्य आहे, फोटो त्याचेच फिरतात. आमच्या मंडळाचा गणपती मात्र शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये बसायचा. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून कापूर लावायचा नाही, आरतीच्या ताटात बॅटरीचे दिवे. मसालेभाताची पातेली आदल्या रात्री चार घरांत शिजायची. रात्री नऊला हॉल सोडावा लागे, म्हणून शेवटची आरती होताच पोरं खुर्च्या आवरायला धावायची आणि आम्ही बायका जमिनीवरच्या अक्षता हातानं वेचायचो. मूर्ती गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा बांधून, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पुढच्या वर्षापर्यंत.