कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’

श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं गुणवत्ता विभागात आहे. भारत, तुर्कस्तान, पोलंडहून येणाऱ्या सुट्या भागांत दोष निघाला की पुरवठादाराकडून खुलासा मागवायचा आणि तो तपासायचा, हे माझं काम. या खुलाशाला आमच्या धंद्यात ‘एट-डी रिपोर्ट’ म्हणतात. फोर्ड कंपनीने १९८७ साली रुळवलेली ही पद्धत : काय बिघडलं, तातडीने काय केलं, मूळ कारण काय, आणि ते पुन्हा घडू नये म्हणून काय बदललं. मूळ कारणाच्या रकान्यात मी वर्षानुवर्षं एकच वाक्य वाचत आलेय : ऑपरेटरची चूक. उपायाच्या रकान्यात : ऑपरेटरला समज दिली.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्यानंतर हे रिपोर्ट हळूहळू देखणे झाले. इंग्रजी सफाईदार, तक्ते नीटनेटके. कारण मात्र तेच. पूर्वी एका ओळीत मारलेली पळवाट आता दीड पानात येते. लिहिणाऱ्याचा तास वाचतो, वाचणारीचा जातो, आणि दोष होता तिथेच राहतो.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या नाशिकच्या इंजिनिअरिंग बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे गेले वर्षभर कामगारांच्या उत्पादकतेवर वाद चाललाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं वक्तव्य आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. त्यावर आता एआय आलंय. ग्रुपमधले निम्मे म्हणतात, एआय नोकऱ्या खाणार. उरलेले म्हणतात, शिकून घ्या, नाहीतर मागे पडाल. मी जिथे राहते तिथे माणशी वर्षाला सरासरी १,३५० तासांपेक्षा कमी काम होतं आणि तरी देश यंत्रं विकून जगतो, एवढं सांगून मी बाजूला होऊ शकते. पण त्याने नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या माणसाचं काहीच होत नाही. तास मोजणारे आणि नोकऱ्या मोजणारे, दोघांकडूनही एक गोष्ट सुटतेय असं मला वाटतं, आणि ती मला नाशिकमध्येच दिसली.

या जानेवारीत मी घरी गेले होते. धाकट्या भावाचं अंबड एमआयडीसीत मशीन शॉप आहे : सात सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी यंत्रं), चौतीस माणसं, त्यातली सतरा ठेकेदाराकडची. मी गेले त्या दिवशी कस्टमरची कंप्लेंट आली होती. एका हाउसिंगचा (आवरणासारख्या भागाचा) बोअर, म्हणजे आतलं भोक, तिरका जात होता, पन्नासेक जॉब (तयार केलेले भाग) रिजेक्ट झाले होते. नुकताच पास झालेला क्वालिटीचा मुलगा मोबाइलवर एआय टूल उघडून रिपोर्ट करत बसला होता, आणि स्क्रीनवर ते ओळखीचं वाक्य उमटत होतं.

मी विचारलं, मशीनवर कोण होतं? सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे, होते; पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांना बोलावलं, चहा मागवला, मोबाइल आमच्या मधोमध ठेवला आणि म्हटलं, तुम्ही मराठीत सांगा, लिहायचं काम हा करेल. अण्णा आधी अवघडले. मग सुरू झाले ते थांबेचनात. दुसऱ्या पाळीत एअरला प्रेशर नसतं. फिक्श्चरवर (जॉब पकडणाऱ्या चौकटीवर) चिप, म्हणजे धातूचा कीस, बसते, ती एअर गनने उडत नाही. जॉब सीटिंगवर पूर्ण टेकत नाही, बोअर तिरका जातो. पहिल्या पाळीत एकही रिजेक्शन नाही, बघा हवं तर रजिस्टर. प्रेशर का नसतं, असं मी विचारल्यावर ते गप्प झाले आणि भावाकडे बघू लागले. विजेचं बिल कमी करायला दिवाळीनंतर दुसऱ्या पाळीत दुसरा कॉम्प्रेसर बंद ठेवायचा, हा हुकूम भावाचाच होता. तो विसरूनही गेला होता.

वीस मिनिटांत रिपोर्ट तयार झाला. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेकांपेक्षा चांगला. एक घोडचूक मात्र होती. एअर प्रेशरच्या जागी त्या टूलने एका ठिकाणी कूलंट (कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) प्रेशर लिहिलं होतं, जे कुणीच म्हटलं नव्हतं. क्वालिटीच्या मुलाच्या नजरेतून ती निसटली असती. आम्ही इंग्रजी मजकूर पुन्हा मराठीत करून मोठ्याने वाचायला लावला, तेव्हा अण्णांनी तिथल्या तिथे पकडली.

आपल्याकडच्या कारखान्यांत या साधनांचा खरा उपयोग कुठे आहे, ते मला त्या चहाच्या टेबलावर कळलं. ज्याला मशीन कळतं त्याला इंग्रजी लिहिता येत नाही. ज्याला इंग्रजी येतं तो मशीनजवळ उभा राहिलेला नसतो. या दोघांच्या मध्ये गेली चाळीस वर्षं खरी माहिती सांडत आलीय. ती भरून काढणं पहिल्यांदाच स्वस्त झालंय. बाराव्या तासाला थकलेल्या माणसाकडून अजून दहा जॉब काढण्यापेक्षा पन्नास जॉब भंगारात जाण्यापासून वाचवणं ही जास्त मोठी उत्पादकता आहे, आणि त्यासाठी कुणाला एक मिनिटही जास्त थांबावं लागलं नाही.

पण निघताना गेटपाशी अण्णा मला म्हणाले, “ताई, तुम्ही होतात म्हणून बोललो.”

हे वाक्य मी इकडे घेऊन आले. ते माझ्या ओळखीचंही आहे. माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं टूल रूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या खात्यात, होते. त्यांच्याकडे एक निळी वही होती. कुठल्या मटेरियलला किती फीड (हत्यार पुढे सरकवायचा वेग), कुठली डाय (साचा) कितव्या हजाराला दगा देते, उन्हाळ्यात कुठलं माप किती सरकतं, सगळं त्यात. ती वही त्यांनी कुणाला दाखवली नाही. नवीन मुलं निम्म्या पगारावर कॉन्ट्रॅक्टवर येत होती, आणि वही दिली की आपली गरज संपते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती घरी आणली. आईच्या कपाटात अजून आहे. लहानपणी मला हा कोतेपणा वाटायचा. आता वाटत नाही.

कारण नेमकं हेच आता मोठ्या प्रमाणावर घडू शकतं. स्टॅनफर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी २०२३ साली पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. एआयच्या मदतीने त्यांची उत्पादकता सरासरी १४ टक्क्यांनी वाढली, नवख्यांची ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांची जवळजवळ वाढलीच नाही. संशोधकांचं स्पष्टीकरण असं की, ते टूल उत्तम कर्मचाऱ्यांच्या संभाषणांवरून शिकलं होतं आणि त्यांच्या खुब्या नवख्यांपर्यंत पोचवत होतं. थोडक्यात, वही कपाटातून बाहेर आली. कंपनीसाठी ही आनंदाची बातमी आहे. वही ज्याची होती त्याला काय मिळालं, हा प्रश्न मात्र उरतोच.

वाचलेल्या वेळाची गोष्टही तितकी सरळ नाही. डेन्मार्कमध्ये २५,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी पाहणाऱ्या २०२५ च्या अभ्यासात वेळेची सरासरी बचत ३ टक्क्यांच्या आसपास निघाली, पगारात आणि कामाच्या तासांत जवळजवळ काहीच फरक नाही. त्याच वर्षी १६ अनुभवी प्रोग्रॅमरांवरच्या एका प्रयोगात एआय वापरणारे १९ टक्के हळू झाले, आणि आपण २० टक्के जलद झालो असं त्यांना स्वतःला वाटत होतं. म्हणून कुणी ‘आमची उत्पादकता दुप्पट झाली’ म्हटलं की मी रिजेक्शनचं रजिस्टर मागते.

जर्मनीत या बाबतीत काय होतं? इथे पाच किंवा जास्त कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेत कामगारांना स्वतःची समिती निवडून देता येते. १९७२ च्या कायद्यानुसार कर्मचाऱ्यांच्या वर्तनावर किंवा कामावर नजर ठेवू शकेल अशी तांत्रिक यंत्रणा या समितीच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. २०२१ मध्ये त्यात भर पडली : एआयचा विषय असेल तर समितीला मालकाच्या खर्चाने तज्ज्ञ बोलावता येतो. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी आणली, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून.

ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात आमच्या कंपनीत एआय टूल आणण्यावर मालक आणि समिती अकरा महिने बोलत बसले. तेवढ्या काळात निम्मं ऑफिस स्वतःच्या फोनवर गुपचूप तेच वापरत होतं. मीही वापरलं. कस्टमरचं ड्रॉइंग फुकटच्या टूलमध्ये चढवणं म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता चव्हाट्यावर ठेवणं, हे ठाऊक असलेली माणसंसुद्धा घाईत ते करत होती. (अंबडमध्ये हा धोका जास्तच आहे, ओझरच्या विमान कारखान्याची आणि मोठ्या गाडी कंपन्यांची कामं छोट्या शॉपमधून होतात. भावाला मी सगळ्यात आधी हे बंद करायला लावलं.) शिवाय अशी समिती जर्मनीतल्या निम्म्याहून कमी नोकरदारांच्याच वाट्याला येते. म्हणजे जर्मनी उचलून नाशिकमध्ये बसवा, असं मी म्हणत नाही.

पण अकरा महिन्यांनंतर जो कागद निघाला त्यात एक ओळ होती : या टूलमधल्या नोंदींवरून कुणा एकाचं मूल्यमापन होणार नाही. ती ओळ आली आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या विभागात माणसं उघडपणे सांगायला लागली की कुठलं काम त्यांनी टूलकडून केलं, कुठे ते चुकलं, कुठल्या तक्त्याची मुळात गरजच नव्हती. अकरा महिने लपलेलं सगळं टेबलावर आलं. आमच्याकडे खरी वाढ तिथून सुरू झाली, टूल विकत घेतलं त्या दिवसापासून नव्हे.

ती ओळ लिहायला कायदा लागत नाही, मालकाची सही पुरते. अंबडमध्ये चौतीस माणसांच्या शॉपमध्ये ती एका दुपारी लिहून होते. म्हणून इकडे परतल्यावर मी भावाला एक पान मराठीत लिहून पाठवलं. खरं कारण सांगितल्याबद्दल कुणाचा पगार कापणार नाही. मोबाइलवरच्या नोंदीवरून माणशी जॉब मोजणार नाही. ज्याच्या सांगण्यावरून सेटिंगची शीट तयार होईल त्याचं नाव शीटवर राहील आणि त्याला दरमहा भत्ता मिळेल. आणि यातून वाचलेल्या वेळेपोटी वर्षभर कुणाला काढणार नाही.

भावाने तीन दिवसांनी उत्तर दिलं. पहिल्या तिन्हींवर सही केली होती. चौथ्याखाली लिहिलं होतं : “ताई, ठेकेदाराकडच्या सतरा जणांचं मी लिहून देऊ शकत नाही. मार्चनंतरची ऑर्डर अजून हातात नाही.” मी म्हटलं, मग बोर्डवर हेच लाव, शब्दही बदलू नकोस. त्याने लावलं. त्या सतरा जणांपैकी दोघांनी त्यावरून त्याच्याशी वाद घातला, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

दुसरा कॉम्प्रेसर आता दोन्ही पाळ्यांत चालू असतो. बिल वाढलंय. अण्णा आठवड्यातून दोनदा मोबाइलसमोर बसून सेटिंग सांगतात. रात्रपाळीची पोरं उत्तर प्रदेश-बिहारची आहेत. “मी मराठीत सांगितलेलं त्यांना हिंदीत ऐकता येईल का?” असं अण्णांनी परवा भावाला विचारलं.