डब्यात उरलेली एक गोळी

परवा आईच्या औषधांच्या स्टीलच्या डब्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० या अँटिबायोटिकची स्ट्रिप दिसली. तीनपैकी दोन खळगे रिकामे, एक गोळी शिल्लक. मागच्या सर्दीला मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली. "दोनातच बरं वाटलं रे, म्हणून एक ठेवली. बाबांना चार दिवस खोकला आहे, आज त्यांना देणार होते."

माझ्या पोटात गोळा आला. त्याच डब्यात बाबांची अ‍ॅमिओडॅरोन असते, हृदयाच्या ठोक्यांची. दोन्ही औषधं ईसीजीतला क्यूटी हा कालावधी लांबवतात आणि तो फार लांबला तर ठोके जीवघेणे बिघडू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अ‍ॅझिथ्रोमायसिनबद्दल हा इशारा २०१३ सालीच दिला आहे. आई मात्र मायेनेच ती गोळी देणार होती.

साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि हे औषध जिवाणूंवरचं. आईची सर्दी आपोआप बरी झाली, श्रेय गोळीला मिळालं. कोविडमध्येही हेच झालं. घरोघरी ही गोळी खाल्ली गेली. पुढे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत साडेसात हजारांहून जास्त दाखल रुग्णांवर तपासलं, तर काही फायदा दिसला नाही.

आणि हे औषध फार मोलाचं आहे हो. टायफॉइडवर सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडे जवळपास निकामी झालंय. सिंध प्रांतात २०१६ पासून जो चिवट टायफॉइड पसरला, त्यावर तोंडाने घ्यायच्या औषधांत मुख्य आधार उरला तो याचाच. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच जवळजवळ तीन दिवस लागतात, म्हणून थोड्या गोळ्यांत काम भागतं. पण त्यामुळेच उगाच घेतलेली गोळीसुद्धा कितीतरी दिवस अंगात रेंगाळते आणि जिवाणूंना तिच्याशी झुंजायला शिकवते.

मी आईला दोष देत नाही. डॉक्टरची फी, दवाखान्यातली रांग, बुडालेला रोज, यापुढे स्ट्रिप स्वस्तच वाटते. पण पाकिटावरची ती उभी लाल रेघ बघा. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, एवढंच ती सांगते. आणि डॉक्टरांनी दिलीच, तर सांगितले तितके दिवस घ्या, पुढच्या खेपेला राखून ठेवू नका.

संध्याकाळी बाबांना डॉक्टरकडे नेलं. छाती तपासून ते म्हणाले, अँटिबायोटिकची गरज नाही; धाप लागली किंवा ताप चढला तर लगेच या. आता डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय, बाबांच्या सगळ्या गोळ्यांची नावं ठळक अक्षरात. दवाखान्यात जाताना आई डबाच पिशवीत घालते.