वेल्सचा डोंगर दाखवायचा तर पुरता दाखवा

गेल्या आठवड्यात आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाटगावच्या उदंचन प्रकल्पावरून, म्हणजे पाणी वर चढवून ठेवायचं आणि हवं तेव्हा खाली सोडून वीज घ्यायची अशा प्रकल्पावरून, जुंपली. भुदरगड तालुक्यातल्या पाटगाव धरणाचं पाणी घेऊन २१०० मेगावॅटचा प्रकल्प करायचा, असा तो प्रस्ताव. वेदगंगेकाठच्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे. एकानं लिहिलं, "पाणी चढवायला वीज जास्त, मिळणार कमी. मग हा उद्योग कुणाच्या भल्याचा?" दुसऱ्यानं मलाच ओढलं, "तू वेल्समध्ये राहतोस, डिनॉर्विगचं सांग की यांना."

डिनॉर्विग म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सचं असंच एक उदंचन वीजघर. सांगतो, पण पुरतं सांगतो.

पहिल्याचा हिशेब खरा आहे. डिनॉर्विगला १०० युनिट खर्चून पाणी वर चढवलं, तर ते खाली सोडल्यावर ७५ च्या आसपास परत मिळतात. पण हा वीज तयार करायचा कारखाना नाही, ती साठवायची कणगी आहे. मागणी नसते तेव्हाची वीज वापरून पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि गरज पडली की त्याच बोगद्यातून खाली सोडायचं. यंत्रही एकच: एका दिशेनं फिरलं की पंप, उलट फिरलं की टर्बाइन.

घराच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. ती दहा मीटरवरून रिकामी केली तर मिळणारी वीज नगण्य. तेच पाणी ५०० मीटरवरून सोडलं तर जेमतेम सव्वा युनिट हाती लागतं. म्हणून उंच कडाही लागतो आणि तलावही मोठा लागतो. डिनॉर्विगला दोन्ही आहे: वर मार्खलिन मौर, खाली लिन पेरिस, आणि डोंगराच्या पोटात सहा यंत्रं, मिळून सुमारे १७०० मेगावॅट. यंत्रं आधीच पाण्याविना, नुसत्या हवेत फिरत ठेवलेली असली, तर १२ सेकंदांत १३२० मेगावॅट हजर.

आप्पा इकडे आले होते तेव्हा त्यांना घेऊन आत गेलो होतो. आता त्या सहली बंद आहेत. आप्पांची सगळी नोकरी वायरमनची, खांबावर चढण्यात गेलेली. हेल्मेट घालून बोगद्यातल्या ओल्या खडकावर तळवा टेकवून ते उभे राहिले आणि म्हणाले, "हे आपल्याकडं असतं तर रात्रीची पाळी नसती." शेतकऱ्याला रात्री थ्री फेज मिळते, मोटार चालू करायला त्यानं अंधारात साप-बिबट्याच्या वाटेनं जायचं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. दिवसा वीज द्या ही मागणी आता सौरऊर्जेनं पुरी होऊ शकते. पण ऊन उतरतं आणि नेमकी तेव्हाच घराघरांत बटणं दाबली जातात. त्या संध्याकाळसाठी दुपारची वीज कुठंतरी ठेवावीच लागेल. कोयनेवर सगळा भार टाकता येत नाही. पश्चिमेकडं वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाची ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, आणि ते पाणी एकदा वाशिष्ठीत गेलं की गेलं. उदंचनात तेच पाणी पुन्हा पुन्हा कामाला येतं. म्हणून मी या तंत्राच्या बाजूनं आहे, अगदी ठामपणे.

आता उरलेला अर्धा डोंगर. डिनॉर्विगसाठी कुणाचं हिरवं रान तोडलं नाही. तिथं दगडी पाटीची प्रचंड खाण होती, ती १९६९ ला बंद पडली, आणि त्या पोखरलेल्या डोंगरातच १९७४ ला काम सुरू झालं. शेजारी राष्ट्रीय उद्यान, म्हणून वीजघर डोंगरात लपवलं आणि उच्चदाबाच्या तारा सुमारे दहा किलोमीटर जमिनीखालून नेल्या. लिन पेरिसमधले दुर्मीळ मासे आधी पकडून दुसऱ्या तलावात सोडले, मगच पाण्याला हात लावला. माशांसाठी एवढं केलं, हे मला तिथं गेल्यावर दरवेळी आठवतं.

याच वेल्समध्ये दुसरा तलावही आहे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये कापेल केलिन हे गाव बुडवलं. वेल्सचे जवळजवळ सगळे खासदार विरोधात असताना ते झालं. लिव्हरपूलच्या नगरपालिकेनं माफी मागितली ती २००५ मध्ये, चाळीस वर्षांनी. त्रिवेरिन हे त्या बुडालेल्या खोऱ्याचं नाव. 'त्रिवेरिन लक्षात ठेवा' ही अक्षरं एका पडक्या भिंतीवर लोक आजही पुन्हा पुन्हा रंगवतात. मी ती भिंत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला मुळशी आठवली. १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, आणि त्या जमिनींवर उभं राहिलेलं धरण. त्या मुळशीच्या पाण्यावर आज भिऱ्याला १५० मेगावॅटचं उदंचन यंत्र चालतं. कोयनेच्या धरणग्रस्तांना तर आजही हक्काच्या जमिनीसाठी आंदोलनं करावी लागतात.

त्यामुळे 'परदेशात बघा' एवढंच म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आपल्याकडं उंची सह्याद्रीच्या कड्यालाच आहे, आणि जंगलही तिथंच. जागा निवडणं हाच इथला अवघड भाग, आणि नेमका तोच गावाला न विचारता ठरतो. 'पाणी एकदाच भरायचं, मग तेच फिरतं' हे खरं असलं तरी ती पहिली भर आणि बाष्पीभवनाची दरवर्षीची तूट कुणाच्या वाट्यातून काढणार?

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं: ग्रामसभेत जाल तेव्हा वीज हवी की नको यावर भांडू नका. मे महिन्यात पाटगाव धरणाची पातळी किती राहील आणि वेदगंगेच्या पाळीत एका दिवसाची जरी कपात झाली तर जबाबदार कोण, हे लेखी मागा. आणि पहिली वीज तालुक्यातल्या मोटारींना दिवसा मिळणार का, तेही. आप्पांनी खाली लिहिलं, "शेवटचं आधी विचारा."