निविदेत मागितलेच नाही, तर पोर्टलवर येणार कोठून?

माझे धाकटे काका साताऱ्याला असतात. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला आता नऊ वर्षे झाली. गणिताचे शिक्षक होते आणि शिस्त अजून तीच आहे, त्यामुळे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, त्यांनी साठीनंतर नेटाने शिकून घेतले. वर्तमानपत्र, बँकेचे व्यवहार, आम्हा भाचरा-पुतण्यांना पाठवायचे निरोप हे सगळे ते स्वतः करतात. गेल्या दिवाळीत एका सरकारी पोर्टलवर दाखल्यासाठी अर्ज भरताना मात्र त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते, इथे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रात्रीचे साडेअकरा.

"अगं, हे नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणतंय. कसलं बटण ते सांगतच नाही."

त्यांनी मोबाइल लॅपटॉपसमोर धरला. पडद्यावर तीन चित्रे होती, 'जतन करा', 'पुढे जा' आणि 'रद्द करा' अशा अर्थाची. डोळस माणसाला ती दिसत होती, पण बनवणाऱ्याने त्यांना आतून नावे दिलेली नव्हती, आणि नाव नसलेले बटण स्क्रीन रीडरला फक्त बटण म्हणूनच कळते. मी सांगितलेले मधले बटण त्यांनी दाबले. पुढे जन्मतारखेचे कॅलेंडर आले, ते माउसशिवाय उघडेना. ते कसेबसे पार पडल्यावर वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायचा चौकोन आला आणि त्याला ऐकण्याचा पर्याय नव्हता. मी अक्षरे वाचून दाखवीपर्यंत ओटीपीची वेळ संपली. दुपारी शेजारच्या मुलाने तो अर्ज भरून दिला. त्यासाठी काकांना आपला पासवर्ड त्याला सांगावा लागला. मुलगा गुणी आहे, प्रश्न त्याचा नाही. आयुष्यभर स्वतःच्या सहीचे कागद स्वतः तपासणाऱ्या माणसाला हे करावे लागले, याचे मला वाईट वाटले आणि रागही आला.

राग येण्याचे दुसरे कारण माझ्या पोटापाण्याशी जोडलेले आहे. मेरीलँड राज्यातील एका सार्वजनिक संस्थेच्या खरेदी विभागात, विकत घ्यायचे सॉफ्टवेअर दृष्टिबाधित व्यक्तीला वापरता येते की नाही हे तपासणाऱ्या गटात मी काम करते. काकांना त्या सकाळी ज्या तीन ठिकाणी ठेच लागली, त्या तिन्ही चुका आमच्याकडे तपासणीच्या पहिल्या अर्ध्या तासात सापडतात, आणि त्या सापडल्या की पैसे थांबतात.

पुण्या-मुंबईतल्या मित्रमंडळींशी या विषयावर बोलले की दोन मते ऐकू येतात. एक मत असे की आधी सेवा ऑनलाइन तर येऊ देत, गावोगावी पोहोचू देत, सुगम्यतेचे, म्हणजे त्या सेवा दिव्यांगांनाही वापरता येण्याचे, नंतर बघता येईल. दुसरे मत याच्या अगदी उलट आहे. कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत, आता अमेरिकेसारखा खटल्यांचा धाक बसला की सगळे सुधारेल, असे ते मानतात. दोन्ही बाजूंची माणसे सद्हेतूने बोलतात, हे मला मान्य आहे. तरीही दोघांच्या बोलण्यातून एक टप्पा निसटतो, असे इथल्या कामाच्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते. तो टप्पा म्हणजे खरेदी.

कायद्याच्या बाबतीत भारत मागे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे कलम आहे. सरकारी आणि खासगी सेवा देणाऱ्यांनी नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत सुगम्य व्हावे, अशी मुदतही त्यात घातली आहे. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०१९ मध्येच उलटली. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. युरोपीय मानकावर बेतलेले भारतीय मानक आयएस १७८०२ आहे आणि तेही २०२३ मध्ये नियमांना जोडले गेले. राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे सांगून न्यायालयाने नियम १५ चा संबंधित भाग रद्द केला आणि ज्यात तडजोड चालणार नाही अशा किमान अटी वेगळ्या काढण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि स्वतः दृष्टिहीन असलेले वकील अमर जैन यांच्या याचिकांवर, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, ही अट ज्यांना पाळताच येत नाही त्यांचा तो प्रश्न होता.

इतके सगळे असताना काकांना 'बटण, बटण' का ऐकावे लागले? कारण ते पोर्टल ज्या दिवशी विकत घेतले गेले, त्या दिवशी खरेदीच्या टेबलावर यातले काहीही नव्हते, किंवा असलेच तर 'लागू असलेल्या सर्व मानकांचे पालन करावे' अशा एका ओळीत होते. ती ओळ पाळली गेली की नाही हे कोण, कधी आणि कशाने तपासणार, हे जोवर निविदेत लिहिलेले नसते, तोवर सर्वांत कमी दराची बोली लावणारा पुरवठादार त्या कामाचा एक पैसाही दरात धरत नाही. त्याला दोष देता येणार नाही, कारण ज्याने धरला तो एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, ठरत नाही आणि काम गमावून बसतो.

अमेरिकेलाही हे कळायला वेळ लागला. पुनर्वसन कायद्यात कलम ५०८ पहिल्यांदा १९८६ मध्ये आले आणि अंमलबजावणीची तरतूद नसल्यामुळे ते बारा वर्षे कागदावर पडून राहिले. १९९८ मध्ये ते नव्याने लिहिले गेले आणि २१ जून २००१ पासून संघराज्य सरकारच्या खरेदीला लागू झाले. खात्यांनी विकत घ्यायचे तंत्रज्ञान दिव्यांग कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना वापरता आले पाहिजे, आणि ते अवाजवी भाराचे आहे असे खात्याला वाटत असेल तर त्याने कारण लेखी नोंदवावे, असा त्याचा गाभा आहे. मेरीलँड राज्याचा स्वतःचा खरेदी कायदा याहून नेमका आहे. तंत्रज्ञानाच्या कंत्राटात, न पाहताही वापरता येईल असे उत्पादन देण्याचे कलम घालावे लागते. त्रुटी कळवल्यावर पुरवठादाराने बारा महिन्यांत ती दुरुस्त केली नाही, तर त्याला दंड होऊ शकतो आणि त्यापायी राज्यावर येणारी भरपाईही त्यालाच सोसावी लागते. खर्चाच्या वादाचे उत्तरही त्याच कायद्यात आहे. सुगम्यतेसाठी करावयाच्या बदलांमुळे खरेदीची किंमत १५ टक्क्यांहून अधिक वाढणार असेल तर सूट मिळू शकते, म्हणजे 'परवडत नाही' असे नुसते म्हणून भागत नाही, आकडा दाखवावा लागतो.

तरी इथे सगळे आलबेल आहे, असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल. प्रत्येक पुरवठादार आमच्याकडे एक ठरावीक तक्ता घेऊन येतो. त्याला सगळे 'व्हीपॅट' म्हणतात. मानकाच्या एकेका निकषापुढे उत्पादन तो 'पूर्ण करते', 'अंशतः करते' की 'करत नाही', हे त्यात विक्रेत्याने स्वतःच लिहायचे असते. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासण्याचा हा प्रकार आहे. संघराज्य सरकारच्या खात्यांचे सरकारव्यापी मूल्यमापन २०२३ मध्ये पहिल्यांदा काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, गेले, तेव्हा कायदा लागू होऊन बावीस वर्षे झाली असूनही कामगिरी अपेक्षेपेक्षा बरीच खाली असल्याचे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. म्हणून भारताने इथला तक्ता उचलून नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

उचलण्यासारखी गोष्ट वेगळी आहे आणि ती माझ्या शेजारच्या टेबलावर रोज घडते. माझा एक सहकारी जन्मांध आहे. नव्या उत्पादनाचे प्रात्यक्षिक असते तेव्हा तो कानात हेडफोन घालून बसतो, स्क्रीन रीडरचा आवाज इतका जलद लावलेला असतो की मला त्यातला एक शब्द कळत नाही, आणि माउसला हात न लावता नुसत्या टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी तो अर्ज भरायला घेतो. मागच्या वर्षी एका कंपनीने तक्त्यावर सगळीकडे 'पूर्ण करते' लिहून दिले होते. तारखेच्या चौकटीत त्याची टॅब कळ अडकली आणि बाहेर येईना. तीन वेळा त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, तिन्ही वेळा तिथेच अडकला. कंपनीचे लोक समोर बसून हे पाहत होते. त्यांना कोणी काही बोलले नाही, तशी गरजच उरली नव्हती. कंत्राटातला तो हप्ता रोखला गेला आणि सहा आठवड्यांत चौकट दुरुस्त होऊन आली.

ती चौकट दुरुस्त केली ती हिंजवडीत बसलेल्या मुलांनी. कॉलवर एकीने माझे आडनाव ऐकले आणि काम संपल्यावर आम्ही पाच मिनिटे मराठीत बोललो. बटणाला नाव कसे द्यायचे, चित्राचे वर्णन कसे लिहायचे, कळफलकाचा क्रम कसा लावायचा हे सगळे ती उत्तम जाणत होती, कारण तिचे अमेरिकन गिऱ्हाईक ते मागते आणि तपासते. "इकडच्या प्रोजेक्टमध्ये हे कोणी विचारत नाही, ताई," असे ती सहज म्हणाली. सातारा हिंजवडीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. तिथल्या एका शिक्षकाला लागणारे कौशल्य हिंजवडीत तयार होऊन बाल्टिमोरला पोहोचते आणि साताऱ्याला पोहोचत नाही, याला तंत्रज्ञानाचे किंवा गरिबीचे कारण देता येत नाही.

'आधी सेवा, मग सुगम्यता' हे मत मला याच कारणाने पटत नाही. बांधून झालेल्या जिन्याला नंतर रॅम्प जोडणे जसे महाग आणि बेढब होते, तसेच तयार पोर्टलचे होते, आणि मग त्यावर अक्षरे लहान-मोठी करणारी 'अ+ अ अ-' ही चिन्हे लावून समाधान मानले जाते. काकांना ती तिन्ही चिन्हे निरुपयोगी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिबाधितांची संख्या ५० लाखांहून अधिक होती आणि त्यांपैकी पावणेसहा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात होते. शिवाय हा प्रश्न नागरिकांपुरता नाही. सरकारी नोकऱ्यांत अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी एक टक्का जागा राखीव आहेत. नोकरी द्यायची आणि फाइल उघडायचे सॉफ्टवेअर मात्र वाचता न येणारे घ्यायचे, यात त्या कर्मचाऱ्याचा अपमान आहे आणि त्याला दिल्या जाणाऱ्या पगाराचाही अपव्यय आहे.

खटल्यांच्या धाकाबद्दल एवढेच सांगते की इथले बहुसंख्य खटले खासगी संकेतस्थळांवर होतात, त्यातले बरेच तडजोडीत मिटतात आणि वकिलांची फी चुकती होऊनही संकेतस्थळ फारसे बदललेले नसते. भारतात धाक म्हणजे काय असतो, हे एटीएमच्या बाबतीत दिसले आहे. १ जुलै २०१४ पासून बसवली जाणारी सर्व नवी एटीएम यंत्रे बोलणारी आणि ब्रेल कळांची असावीत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. नवी वस्तू विकत घेतानाच घातलेली, तारीख ठरलेली अशी ती अट होती. बिघडलेली किंवा मुकी यंत्रे अजूनही भेटतात, पण कळांवरचे ते ठिपके आज तालुक्याच्या गावातही बोटांना लागतात.

मराठीसाठी निविदेत आणखी काही मागावे लागेल आणि ते कोणतेही परदेशी मानक आपल्याला तयार देणार नाही. कितीतरी शासन निर्णय आणि परिपत्रके स्कॅन करून चढवलेली असतात, म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते कोरे पान असते. काही जुने कागद युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्यांत डोळ्यांना 'शासन' दिसते, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरे, आणि काकांच्या कानावर इंग्रजी मुळाक्षरांचा अर्थहीन पाऊस पडतो. तिसरा प्रकार असा की मजकूर नीट युनिकोड मराठीत असतो, पण पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असल्यामुळे इंग्रजी आवाज त्या मराठीशी झटापट करत राहतो. या तिन्ही गोष्टींवर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा, पानाची भाषा मराठी घोषित असावी, स्कॅनसोबत वाचता येणारी प्रत असावी, आणि शेवटचे बिल निघण्यापूर्वी मराठी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या किमान दोन दृष्टिहीन व्यक्तींनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने भरून दाखवावा, एवढे निविदेच्या अर्ध्या पानात बसते. त्या व्यक्तींना दिवसाचे मानधनही द्यावे, कारण हे तज्ज्ञाचे काम आहे. एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरला पैसे पडत नाहीत, त्यामुळे चाचणीची साधने नाहीत ही सबबही उरत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकजण अशा निविदा लिहितात किंवा भरतात. निविदापूर्व बैठकीत कोणताही इच्छुक पुरवठादार लेखी प्रश्न विचारू शकतो आणि त्याचे उत्तर सर्वांसाठी प्रसिद्ध करावे लागते. पुढच्या बैठकीत कृपया एवढाच प्रश्न लेखी विचारा, की आयएस १७८०२ चे पालन कोण तपासणार आणि ते न झाल्यास कोणता हप्ता रोखला जाणार? साताऱ्याच्या आसपास चाचणी असेल तर माणूस शोधावा लागणार नाही. काका यायला तयार आहेत, मी त्यांना विचारून ठेवले आहे.