कपाळावरची राख

२०२४ साली राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, नेमका १४ फेब्रुवारीला आला. त्याच दिवशी वसंत पंचमी. म्हणजे पंचांगवाले, पोपसाहेब आणि गुलाबवाले अशा तिघांनी मिळून माझी तारीख बुक केली होती. त्यात बुधवार, म्हणजे मेसमध्ये चिकन.

मी वसईचा. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. जानेवारीत मला अठरा पूर्ण झाली, तेव्हा सरकारनं मतदानाचा हक्क दिला आणि ख्रिस्तसभेनं उपवासाचं बंधन. मांस वर्ज्य करायचं चौदाव्या वर्षापासूनच होतं. आता राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी पोटभर जेवण एकदाच, बाकी दोन वेळा नुसता पोटाला आधार. हे वयाची एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत. हिशोब केला, तर एक्केचाळीस वर्षं निघाली.

आदल्या रात्री आईचा फोन. "राख पुसू नकोस हां. आजी झोपेपर्यंत ठेवते. रात्री आठला व्हिडिओ कॉल करते, दाखव." आईला धास्ती होती की पुण्यात आपले लोक नाहीत, पोरगा वाहवत जाईल.

पहाटे साडेसहाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला गेलो. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) झावळ्या जाळून केलेली ती राख. फादरनी अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाले, "हे मानवा, तू माती आहेस आणि मातीला मिळशील." सकाळी सात वाजता, रिकाम्या पोटी हे ऐकायला छाती लागते. गंमत अशी की त्याच मिस्सेत बायबलमधलं मत्तयचं शुभवर्तमान वाचतात. उपवास करशील तेव्हा तोंड धू, म्हणजे लोकांना कळणार नाही. ते ऐकायचं आणि लगेच कपाळ काळं करून घ्यायला रांगेत उभं राहायचं! फादरना विचारणार होतो, पण पहिलं लेक्चर आठचं.

बाहेर आलो आणि स्कूटर काढली. पुण्यात हेल्मेट घालणारा मी एकटाच असेन, कारण पप्पांनी ती जुनी स्कूटर त्याच अटीवर दिली होती. कॉलेजात हेल्मेट काढलं तेव्हा क्रूसाची एक दांडी उरली होती. बाकीची राख आतल्या स्पंजला.

मग दिवसभर लोकांच्या माणुसकीशी लढलो. वॉचमन म्हणाला, "कपाळाला काय लागलंय बघ." बाकावरच्या मुलीनं काही न बोलता ओला टिश्यू पुढे केला. व्हॅलेंटाइनच्या दिवशी एक मुलगी स्वतःहून काहीतरी देते आहे आणि मी "नको, धार्मिक आहे" म्हणून परत करतो आहे! ती तेव्हापासून दोन बाकं मागे बसते.

दुपारी वर्कशॉप. फिटिंग शॉपमध्ये लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानस मारायची. सकाळपासून पोटात दोन बिस्किटं; चार वेळा कानस ओढली की डोळ्यांपुढे ट्युबलाइट लुकलुकायची. घाम आला, हाताच्या पालथ्या बाजूनं पुसला, आणि लक्षात येईपर्यंत उरलेली दांडीही गेली. तिच्या जागी ग्रीस. सर म्हणाले, "आता दिसतोस मेकॅनिकलचा."

माझा रूममेट साताऱ्याचा, म्हणून सातारकर. स्कूटरची किल्ली मागायला आला, वर माझ्या उपवासाची उलटतपासणी.

"पोळी चालते?"

"चालते."

"मासे?"

"चालतात."

"मग उपवास कसला हा?"

एका एकादशीला या माणसानं माझ्यादेखत तीन वाट्या साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स आणि दाण्याचा लाडू खाल्ला होता. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही. पण वाद घालायला अंगात ताकद हवी. किल्ली दिली, हेल्मेट दिलं. तो त्याच्या मैत्रिणीला भेटायला गेला.

संध्याकाळी मेसमध्ये माझं एकमेव पोटभर जेवण: वरण-भात आणि कोबी. मेसच्या काकूंनी सवयीनं चिकनची वाटी पुढे केली. वर तर्री तरंगत होती, आणि लेगपीस. मी मान हलवली. "बरं नाही का रे?" म्हणत त्यांनी वाटी पुढच्या पोराला दिली. त्यानं ती खाल्ली तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आठला पाच कमी असताना आरशासमोर उभा राहिलो. कपाळ स्वच्छ. टेबलावर सहा-बीची पेन्सिल होती. हात गेलाही होता, पण उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी आईला फसवायचं, आणि तेही ड्रॉइंगच्या सामानानं? पेन्सिल ठेवली. फोन वाजला.

"राख कुठाय?"

"अगं, वर्कशॉपमध्ये घाम…"

"मला माहीतच होतं."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. सातारकर आत आला, हेल्मेट काखेत, चेहरा खुललेला. माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावला. त्याच्या कपाळावर, बरोब्बर मध्यभागी, काळसर राखेचा पट्टा.

"आईशप्पथ, ती जाम खूश झाली," तो सांगत होता. "म्हणाली, आज वसंत पंचमी लक्षात ठेवून देवळात जाऊन आलास?" मग त्याला फोन दिसला आणि त्यानं अदबीनं हात जोडले. "नमस्कार काकू."

आईचा आवाज एकदम मऊ झाला.

"बघ, शीक जरा. दिवसभर सांभाळलीय पोरानं. कुठला रे बाळा तू?"

"साताऱ्याचा, काकू."

"अगं बाई, साताऱ्यातही आपले लोक आहेत?" असं म्हणून तिनं पप्पांना हाक मारली.